देशाचं नाव नसलेली नोट

घरात कुणाकडे तरी दहा रुपयांची नोट मागा. "खर्च नाही करणार, बघून लगेच परत देतो," असं आधीच सांगून टाका, म्हणजे पुढे वाद नको. आता ती नीट न्याहाळा. बँकेचं नाव आहे. गव्हर्नरची सही आहे. क्रमांक आहे, तोही दोन ठिकाणी. मागच्या बाजूला नोट छापल्याचं साल आहे आणि पंधरा भाषांच्या रांगेत आपल्या मराठीतलं 'दहा रुपये'सुद्धा आहे. म्हणजे ही नोट कुणाची, कुठली आणि कधीची, ते सगळं ती स्वतःच सांगते.

आता दुसऱ्या एका नोटेबद्दल ऐका. ती आहे दहा डॉलरची. रंग निळसर हिरवा. पुढच्या बाजूला केळी, लगडलेले घड आणि इतर फळं. मागच्या बाजूला समुद्र आणि दूर क्षितिजावर एक जहाज. चित्र छान आहे, पण माहिती शोधायला लागलात तर पंचाईत होते. साल नाही. कुणाची सही नाही, नुसता जपानी लिपीतला शिक्का आहे. क्रमांक बहुतेक नोटांवर नाहीच. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ही नोट ज्या देशात चालायची, त्या देशाचं नावच तिच्यावर नाही! इंग्रजीत इतकंच लिहिलंय की जपानचं सरकार ही नोट आणणाऱ्याला मागताक्षणी दहा डॉलर द्यायचं वचन देतं. पण जपानचं चलन तर येन. मग हे डॉलर कुठले?

उत्तर नोटेवरच आहे, फक्त लपलंय. लाल रंगात दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, त्यातलं पहिलं बघायचं. ते 'एम' असेल तर नोट मलायाची, म्हणजे आजचा मलेशियाचा द्वीपकल्प आणि सिंगापूर या भागाची. 'बी' असेल तर बर्मा, आजचा म्यानमार. 'पी' म्हणजे फिलिपाइन्स. 'एस' म्हणजे डचांच्या ताब्यातली बेटं, आजचा इंडोनेशिया. आणि 'ओ' म्हणजे ओशेनिया, न्यू गिनी आणि आसपासची प्रशांत महासागरातली बेटं. मलायासाठी डॉलर, बर्मासाठी रुपये, फिलिपाइन्ससाठी पेसो, ओशेनियासाठी शिलिंग आणि पौंड. इंडोनेशियासाठी गिल्डर, आणि तिथल्या सुरुवातीच्या नोटांवरचा मजकूर चक्क डच भाषेत! ज्या देशात जे चलन लोकांच्या अंगवळणी पडलं होतं, त्याच नावाच्या नोटा जपानने छापल्या आणि सगळ्यांवर लिहिलं 'जपानी सरकार'.

दुसऱ्या महायुद्धात एखाद्या सैन्याने दुसऱ्याचा मुलूख जिंकला की तिथे तांदूळ विकत घ्यायला, मजुरी द्यायला, रेल्वे चालवायला पैसा लागायचा. स्वतःचा खरा पैसा तिथे ओतायचा तर आपल्याच देशाची तिजोरी रिकामी. त्यापेक्षा तिथल्यापुरता वेगळा पैसा छापणं सोपं. अशा नोटांना ताबा चलन म्हणतात. जर्मनीने ते केलं, अमेरिकेने केलं, ब्रिटननेही केलं. पण जमवणाऱ्यांचा जीव जडतो तो या केळीवाल्या जपानी नोटांवर, कारण त्यांच्यात हेरगिरी करायला भरपूर वाव आहे.

हेरगिरीतला पहिला धागा तारखांचा. जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारू इथे उतरलं 8 डिसेंबर 1941 रोजी. सिंगापूर शरण आलं 15 फेब्रुवारी 1942 रोजी. मधे जेमतेम दहा आठवडे. एवढ्या वेळात नोटांची चित्रं काढायची, साचे बनवायचे, लाखो नोटा छापायच्या आणि जहाजात भरून आणायच्या? शक्यच नाही. त्या 1941 मध्ये, लढाई सुरू होण्याआधीच, जपानमध्ये छापायला घेतल्या होत्या. जो मुलूख अजून जिंकलेला नाही, त्याचे पैसे आधीच तयार! नोटांवर साल का नाही, याचं एक कारण इथे सापडतं असं मला वाटतं. कधी पोचणार हेच नक्की नसेल तर साल कुठलं छापणार?

आता जरा चित्रांकडे वळू या, कारण या नोटा म्हणजे वनस्पतिशास्त्राचा छोटा तक्ताच आहे.

दहा डॉलरवरच्या केळीमुळे लोक सगळ्याच नोटांना 'बनाना मनी' म्हणायला लागले. केळीला आपण सगळे झाड म्हणतो, पण ते झाड नाही! ती एक प्रचंड मोठी, मऊ अंगाची वनस्पती आहे. तिच्यात लाकूड नावाला नसतं. जे खोडासारखं उभं दिसतं, ती एकावर एक घट्ट गुंडाळलेली पानांची बुडं, म्हणजे आपली सोपटं. एकेक सोलत गेलात तर शेवटी मऊ गाभा लागतो. खरं खोड जमिनीखाली कंदाच्या रूपात दडलेलं असतं. त्यातून फुलाचा दांडा त्या पोकळ सुरळीतून वर चढतो आणि टोकाला केळफूल होऊन बाहेर डोकावतो. एका खोडाला एकदाच घड लागतो, मग ते वाळतं आणि कंदातून फुटलेली पिल्लं पुढे वाढतात.

एक डॉलरच्या नोटेवर डावीकडे नीरफणस आणि उजवीकडे माड आहे. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना नीरफणसाची ओळख करून द्यायला नको, त्याची कापं तव्यावर परततानाचा वास त्यांना पाठ असतो. फणस आणि नीरफणस एकाच कुळातले, एकाच गोत्रातले. पाच डॉलरवर माड आणि पपई. पन्नास सेंटच्या नोटेवर मात्र एक चमत्कारिक झाड आहे, उघडलेल्या पंख्यासारखं. ते मूळचं मादागास्कर बेटावरचं. मोठ्या बागांमध्ये ते शोभेसाठी लावतात, तुम्ही पाहिलंही असेल. त्याच्या पानांच्या देठांच्या खोबणीत पावसाचं पाणी साठतं, म्हणून इंग्रजीत त्याला 'वाटसरूचा माड' अशा अर्थाचं नाव मिळालं, जरी ते माडाच्या कुळातलं नाही. शंभर डॉलरवर किनाऱ्यावरची झोपडी आणि झाडं, आणि 1945 मध्ये आलेल्या हजार डॉलरवर बैलगाडी.

थांबा. हजार डॉलर? सुरुवातीला तर सगळ्यात मोठी नोट दहाची होती. मग हजाराची नोट काढायची वेळ का आली?

समजा, शाळेत आनंदमेळावा आहे. भेळेच्या प्लेटा पन्नास आणि मुलांना वाटलेली कुपनं शंभर. म्हणजे दोन कुपनांना एक प्लेट. आता कुणीतरी ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर आणखी नऊशे कुपनं काढली आणि वाटून टाकली. सगळे खूश! हातात कुपनंच कुपनं! पण भेळ तेवढीच आहे, पन्नास प्लेटा. आता एका प्लेटीला वीस कुपनं पडतील. त्यात अर्धे कुरमुरे वाटेतच सांडले तर चाळीस. कुपनं वाढली म्हणून पोट कुणाचंच जास्त भरलं नाही.

मलायात दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. जपानी अधिकाऱ्यांना खर्चाला पैसा लागला की ते नोटा छापायचे. दुसरीकडे माल आटत चालला होता. मलाया आपल्या गरजेचा बराचसा तांदूळ बर्मा आणि थायलंडमधून आणायचा. युद्धात जहाजं बुडत होती, समुद्रमार्ग बंद पडत होते. लोक भाताऐवजी रताळी आणि टॅपिओका खायला लागले. टॅपिओका म्हणजे तोच कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. (आपण उपासाला हौसेने खातो, त्यांना रोज खावा लागला.) भाव इतके चढले की पिशवीभर नोटा घेऊन जायचं आणि मूठभर सामान घेऊन यायचं. फिलिपाइन्समध्ये तर लोकांनी या पैशाला नाव ठेवलं 'मिकी माउस मनी'. लोक तोवर हुशार झाले होते. ज्यांच्याकडे युद्धाआधीच्या, इंग्रज राजाचं चित्र असलेल्या नोटा होत्या, त्यांनी त्या गपचूप लपवून ठेवल्या आणि बाजारात केळीवाल्या नोटा ढकलल्या.

ही घाईगर्दी नोटेवर दिसते, आणि जमवणाऱ्याला खरी मजा इथेच येते. सुरुवातीच्या एक, पाच आणि दहा डॉलरच्या काही नोटांवर क्रमांक आहेत. नंतर क्रमांक गायब! प्रत्येक नोटेवर वेगळा आकडा उमटवायला वेगळं यंत्र आणि वेळ लागतो. ते टाळून सगळ्या गठ्ठ्याला दोनच अक्षरं देऊन मोकळे. किती नोटा छापल्या याचा हिशेब मग कोण ठेवणार? आणि खोट्या नोटा छापणाऱ्यांना तर आयतं कुरण मिळालं, कारण क्रमांक नसलेल्या नोटेची नक्कल पकडायची कशी? फिलिपाइन्समध्ये जपान्यांविरुद्ध लपूनछपून लढणाऱ्या लोकांना अमेरिकेने अशा नकली नोटा करून पुरवल्या. शिवाय पकडलेल्या खऱ्या नोटांवर जपानच्या 'समृद्धी'ची टिंगल करणारी वाक्यं छापून त्याही वाटल्या. आज क्रमांकवाली केळीची नोट महाग मिळते आणि बिनक्रमांकाची अगदी स्वस्त. सारखंच चित्र, सारखीच केळी, फरक आठ-नऊ लाल अक्षरा-आकड्यांचा.

ऑगस्ट 1945 मध्ये जपानने हार पत्करली. सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले आणि त्यांनी जाहीर केलं, या नोटांना काहीही किंमत नाही. साडेतीन वर्षं घाम गाळून साठवलेले पैसे एका दिवसात नुसते कागद झाले. हाँगकाँगमध्ये वेगळ्या नोटा होत्या, जपानी लष्करी येन. तिथल्या लोकांना आपले डॉलर देऊन ते घ्यावे लागले होते. त्यांच्यातल्या काहींनी ते गठ्ठे फेकले नाहीत. त्यांनी जपानमध्ये जाऊन खटला भरला की आमचे पैसे परत द्या. टोकियोच्या न्यायालयाने 1999 मध्ये तो फेटाळला. नोटांवर खटला चालेपर्यंत त्या सांभाळणारी माणसं म्हातारी झाली होती.

आता बर्माकडे, कारण तिथल्या नोटा आपल्याला जवळच्या. बर्मा 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. तिथे रुपयाच चालायचा आणि वेगळा झाल्यावरही त्या देशाच्या नोटांचा कारभार आपली रिझर्व्ह बँकच बघायची. म्हणून जपान्यांनी तिथे रुपयाच्या नोटा काढल्या, 'बी' अक्षरवाल्या. पण सुट्ट्या पैशांत त्यांनी एक गंमत केली. त्या काळी रुपयाचे सोळा आणे असायचे. आजी-आजोबांना विचारा, ते आणे, पै, चवली, पावली असं सगळं धडाधड सांगतील. जपानी नोटांवर मात्र आण्याचा पत्ता नाही! तिथे 1 सेंट, 5 सेंट, 10 सेंट, पाव रुपया आणि अर्धा रुपया. म्हणजे शंभर सेंटचा एक रुपया. आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया आला 1 एप्रिल 1957 रोजी. त्याच्या पंधरा वर्षं आधीच रंगूनच्या बाजारात शंभर भागांचा रुपया फिरत होता, अर्थात हव्याहव्याशा पाहुण्याने आणलेला नव्हे.

मे 1945 मध्ये इंग्रजांच्या फौजा रंगूनमध्ये परतल्या. त्या फौजांमध्ये हिंदी जवान हजारोंनी होते. बर्माच्या लढाईत मराठा पलटणीही होत्या. मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या टेकडीवर मराठ्यांची एक बटालियन जपान्यांशी लढली. घरी येणाऱ्या सैनिकांच्या वळकटीत आठवण म्हणून अशा नोटा हमखास असायच्या. फुकटच तर होत्या! म्हणून तुमच्या ओळखीत कुणाचे पणजोबा फौजेत असतील आणि माळ्यावर त्यांची ट्रंक असेल, तर परवानगी घेऊन बघायला हरकत नाही.

जपानी रुपया रद्द झाल्यावर बर्मात लगेच चालवायला पैसा हवा होता. मग इंग्रजांनी आपल्याकडच्या, पाचव्या नव्हे, सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेल्या हिंदी नोटांवर लाल शाईत वर आणखी एक ओळ छापून घेतली: बर्माचं लष्करी प्रशासन, ही नोट फक्त बर्मात चालेल. हिंदी नोटा 1928 पासून आपल्या नाशिकला छापल्या जात होत्या. एकाच नोटेवर दोन देशांची गोष्ट! जपानी नोटेवर देशाचं नावच नाही आणि इथे देशाची नावं गर्दी करतात.

नोटेवर वरून छापायची हीच युक्ती अमेरिकेने 1942 मध्ये हवाई बेटांवर वापरली, मात्र उलट्या कारणासाठी. जपान्यांनी बेटं घेतली तर तिथले डॉलर त्यांच्या हाती पडतील, ही भीती होती. म्हणून नोटांवर मोठ्या ठसठशीत अक्षरांत 'हवाई' छापलं. बेटं गेलीच तर 'हवाई' लिहिलेले सगळे डॉलर रद्द म्हणायचं, की झालं. पण मग साध्या, जुन्या नोटांचं काय करायचं? त्या गोळा करून जाळल्या, तब्बल वीस कोटी डॉलरच्या. एवढ्या नोटा जाळायला मोठी भट्टी कुठून आणायची? आधी त्या स्मशानातल्या दाहिनीत टाकल्या, तिथे उरकेना, म्हणून साखर कारखान्याच्या भट्टीत!

लपवाछपवीची आवड असेल त्यांच्यासाठी जर्मनीत दोस्त राष्ट्रांनी चालवलेले 1944 चे लष्करी मार्क आहेत. त्या नोटा अमेरिकेत बोस्टनच्या फोर्ब्स छापखान्यात छापल्या आणि कारागिरांनी नक्षीत एक इवलंसं 'एफ' दडवून ठेवलं. भिंग घेऊन बसलात तरच दिसेल. त्याच नोटांचे साचे रशियालाही दिले होते. रशियाने छापलेल्या नोटेत क्रमांकाच्या आधी एक आडवी रेघ असते. बाकी नोट जवळजवळ तशीच.

आता एक प्रयोग, कारण केळीवाल्या नोटांच्या नकला आजही छापून विकल्या जातात. एक भिंग घ्या आणि वर्तमानपत्रातलं रंगीत चित्र बघा. चित्र गायब होईल आणि आकाशी, किरमिजी, पिवळे, काळे ठिपकेच ठिपके दिसतील. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या चित्रातही तसेच बारीक शिंतोडे असतात. मग ती दहा रुपयांची नोट बघा. तिच्यावरची बारीक नक्षी सलग रेघांची आहे. जुन्या नोटाही अशा रेघांनीच छापलेल्या. केळीच्या पानात ठिपके दिसले की समजायचं, ही केळी कालपरवाची आहे.

दुसरी चाचणी जांभळ्या उजेडाची. दुकानात नोटा तपासायचं छोटं यंत्र असतं, त्यात अतिनील किरणांचा दिवा असतो. मोठ्यांना सोबत घ्या आणि दिव्याकडे थेट बघू नका. त्याच्याखाली वहीचा पांढरा कागद धरा. तो निळसर चमकायला लागेल. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि त्यांच्या बदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकतं. कपड्यांच्या पावडरीतही हेच असतं. आपल्या नोटेचा कागद मात्र मंद राहतो, फक्त त्यातले काही धागे आणि क्रमांक उजळतात. कागदात असं रसायन घालायची पद्धत रुळली ती महायुद्धानंतर. म्हणून 1942 ची म्हणून दिलेली नोट दिव्याखाली वहीसारखी लखलखली, तर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे चालू लागा. न चमकणारी नोट खरीच असते असं मात्र नाही. नक्कल करणारा जुना कागद शोधून वापरू शकतो.

नोट मिळाली की तिचं लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, मागे पेनाने नाव लिहू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात झिरपतो. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटंही वाईट, त्यातून निघणारी रसायनं कागद खातात. पॉलिएस्टरचं कडक, बिनवासाचं पाकीट घ्या. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलीत तर बुरशी येईल आणि कसर लागेल, ती चांदीसारखी चकचकणारी, सुळकन पळणारी. तिला जुना कागद फार आवडतो.

सुरुवात करायची तर दहा डॉलरची बिनक्रमांकाची केळी घ्या, थोडी चुरगळलेली असली तरी चालेल. घड्या पडल्यात याचा अर्थ ती कुणाच्या तरी खिशातून बाजारात जाऊन आली आहे. पुढची नोट घेताना तीच पुन्हा घेऊ नका, दुसऱ्या अक्षराची घ्या. 'बी' आणि 'पी' सहज मिळतात. 'ओ' जरा शोधावी लागते.